कुंपण किती खातं?

‘कुंपणच शेत खातं’ ही म्हण आमच्या घरात गेल्या जानेवारीत आठवडाभर रोज म्हटली गेली. एरवी ती कुणा पुढाऱ्याच्या वाट्याला येते. या वेळी ती माझ्या लॅपटॉपच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात बसलेल्या अँटीव्हायरसच्या, म्हणजे विषाणू शोधणाऱ्या प्रोग्रामच्या, ढालीच्या चिन्हाला उद्देशून होती. म्हणणारे अण्णा, माझे वडील. वय ८१, निवृत्त शिक्षक. संगणकाला त्यांनी आजवर हात लावलेला नाही, त्यामुळे त्याच्याबद्दलची त्यांची मतं पक्की आहेत.

मी मुद्रितशोधन करते. पुण्याहून पुस्तकांच्या पीडीएफ येतात, मी त्यांच्यातले ऱ्हस्वदीर्घ आणि पळालेले अनुस्वार जागेवर बसवते, आणि त्या परत जातात. २०२०च्या टाळेबंदीत महिनाभरासाठी म्हणून गुहागर तालुक्यात, हेदवी आणि वेळणेश्वरच्या मधल्या आमच्या वाडीत आले, ती राहिलेच. घर चिऱ्याचं. पुढे पडवी, मग ओटी, मग माजघर. दोन वर्षांनी फायबर आलं. ते विजेच्या खांबांवरून, दोन नारळांवरून आणि शेजारच्या काकांच्या फणसावरून येतं, म्हणून वाऱ्याच्या दिवसांत आम्ही आधी फणसाकडे बघतो आणि मग राउटरच्या दिव्यांकडे.

तर जानेवारीत नेट मंदावलं. गेलं असतं तर बरं, गेलेल्या नेटची तक्रार करता येते. हे चालू होतं, पण वर्तमानपत्राचं पान उघडायला टिचकी मारावी आणि पांढऱ्या पडद्याकडे बघत बसावं, असं. प्रकाशकाशी व्हिडिओवर बोलताना माझं तोंड अर्धं उघडं राहून थिजायचं. ते फार सभ्य गृहस्थ, मी पुन्हा हलेपर्यंत थांबायचे.

केबलवाला मुलगा बाइकवरून आला, पडवीत उभा राहिला, स्वतःच्या मोबाइलवर स्पीड टेस्ट लावली आणि आकडा माझ्यासमोर धरला. ४६ एमबीपीएस (नेटचा वेग मोजायचं माप). आमचा प्लॅन ५०चा.

“ताई, लाइन एकदम ओके हाय. तुमचा अँटीव्हायरसच नेट खातोय.”

लॅपटॉप घेऊन चिपळूणला गेले. एसटीने जाऊन येऊन दिवस मोडला. दुरुस्तीवाले म्हणाले, मशीनला काही झालेलं नाही, लाइनवाल्याला धरा. रात्री पुण्याला भाच्याला फोन केला तर त्याचं उत्तर तयार होतं. “मावशी, काढून टाक ना ते. विंडोजमध्ये डिफेंडर आहेच की.” त्याचं चूक नव्हतं. विंडोज १० आणि ११मध्ये डिफेंडर हा त्यांचा स्वतःचा पहारेकरी आतच असतो. बाहेरचं अँटीव्हायरस बसवलं की तो बाजूला होतो आणि ते काढलं की आपण होऊन जागेवर येतो. पण माझा हात धजेना, कारण माझ्या पिढीने पेन ड्राइव्हचा काळ पाहिलाय.

२००७-०८च्या सुमाराला अप्पा बळवंत चौकाजवळच्या एका डीटीपीवाल्याकडून मी पेन ड्राइव्ह आणला होता. त्यात ‘न्यू फोल्डर’ नावाचा पिवळा फोल्डर दिसत होता. तो फोल्डर नव्हताच. फोल्डरचं चित्र चिकटवलेला प्रोग्राम होता. टिचकी मारली, आणि काही मिनिटांत प्रत्येक खऱ्या फोल्डरशेजारी त्याच्याच नावाचा तोतया उभा. खरे गायब. गायब म्हणजे लपवलेले, हे दोन दिवसांनी कळलं. ते दोन दिवस मी एका ज्येष्ठ लेखकांचा फोन उचलत नव्हते. त्या काळात अँटीव्हायरसची सीडी आम्ही औषधासारखी विकत आणायचो. कॅल्क्युलेटर दुरुस्त करणारे कैलास काटकर, प्रोग्राम लिहिणारे त्यांचे भाऊ संजय आणि त्यातून पुण्यात उभं राहिलेलं क्विक हील, ही हकिगत तेव्हा पुण्यात सगळ्यांना पाठ होती. (आज माझ्या लॅपटॉपवर आहे ते त्यांचं नव्हे, दुसरंच आहे. त्याचं नाव मी सांगणार नाही, कारण पुढे जे आढळलं त्यात त्याचा गुन्हा किती आणि माझा किती, हे वाचणाऱ्याने ठरवावं.)

पहिला प्रयोग मी त्याच रात्री केला आणि तो सपशेल चुकीचा केला. नऊ वाजता पडवीत बसून, अँटीव्हायरस चालू ठेवून मोजलं, १४. मग जेवणं झाली, भांडी झाली, अण्णांचं गुडघ्याला तेल लावून झालं. सव्वाअकराला अँटीव्हायरस बंद करून मोजलं, ३९! अण्णांना उठवून सांगितलं. तेव्हा ती म्हण पहिल्यांदा निघाली. काढून टाकायचं ठरवूनच झोपले. सकाळी सहाला, अँटीव्हायरस पुन्हा चालू असताना, सहज म्हणून आणखी एकदा मोजलं, तर ४१.

चहा घेता घेता अण्णांना हे सांगितलं. ते काही वेळ गप्प बसले आणि मग मास्तरांच्या आवाजात म्हणाले, “तू रात्री नऊला तिथी न बघता पाणी मोजलंस.”

आमच्याकडे भरतीची वेळ काढायला कोष्टक लागत नाही. तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमाराला पूर्ण भरती. अष्टमीला सहा. पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकराच्या सुमाराला. पुढची भरती साडेबारा तासांनी. थोडाफार फरक पडतो, पण कालवं काढायला जाणाऱ्या बायकांना तेवढं पुरतं. हेदवीची बामणघळ बघायला येणाऱ्या पाहुण्यांनाही पुरतं. खडकातली ती चिंचोळी भेग, भरतीला लाट आत शिरते आणि जागा नसल्यामुळे कारंज्यासारखी वर उडते. ओहोटीला गेलात तर नुसता काळा खडक दिसतो आणि माणसं गावाला नावं ठेवून परत जातात. शेजारच्या घरगुती निवासवाल्यांनी अण्णांचा नंबर पाहुण्यांना देऊन ठेवलाय. फोन येतो, अण्णा तिथी विचारतात, पाहुण्यांना ती माहीत नसते, मग अण्णा कालनिर्णय बघून वेळ सांगतात.

म्हणजे अँटीव्हायरसची चौकशी करण्याआधी लाइनची स्वतःची भरती-ओहोटी काढायला हवी होती. अण्णांनी त्यांची शंभर पानी वही काढली. डाव्या पानावर तिथी आणि भरती आधीपासून होतीच, उजवं पान त्यांनी मला दिलं. चार दिवस मी पडवीत बसून नुसती मोजत होते, कशालाही हात न लावता. सकाळी सहाला ४८, अकराला ४५, दुपारी तीनला ४४, संध्याकाळी सातला ३० आणि रात्री नऊला १७. साडेअकराला पुन्हा ४०. हे रोज, थोड्याफार फरकाने. रात्री नऊला वाडीतलं प्रत्येक घर मालिका नाहीतर क्रिकेट बघत असतं आणि सगळ्यांचं पाणी त्या एकाच घळीतून येतं. याला कुठलं अँटीव्हायरस काय करणार?

इथे एक गोष्ट सांगून टाकते, कारण अण्णांना ती पटवायला मला अख्खी दुपार लागली. एमबीपीएसमधला ‘बी’ हा बिट आहे. फाइल मोजायची ती बाइटमध्ये, आणि आठ बिटांचा एक बाइट. ५०च्या लाइनवर फाइल उतरताना सेकंदाला सहा एमबी दिसले तर कुणी फसवलेलं नाही. अण्णा म्हणाले, “मग आठाने भागून सांगायला यांना काय होतं?” याचं उत्तर माझ्याजवळ नव्हतं.

दुसरी गोष्ट मुलाच्या मोबाइलवरच्या त्या ४६ची. त्याने मोजलं पडवीत, राउटरखाली. मी काम करते माजघरात. मध्ये चिऱ्याच्या दोन भिंती, दीड-दीड फुटांच्या. एकाच वेळी दोन ठिकाणी मोबाइलवर मोजलं. पडवीत ४५, माजघरात १२. मोबाइलवर तर ते अँटीव्हायरस नव्हतंच! ही तपासणी पहिल्या दिवशी करायला हवी होती; तिला दोन मिनिटं लागतात आणि कशालाच हात लावावा लागत नाही. जे दुसऱ्या यंत्रावरही मंद आहे, त्याचा दोष पहिल्या यंत्रातल्या प्रोग्रामवर घालणं म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी. राउटर दोन पट्ट्यांवर बोलतो, त्यातली ५ गिगाहर्ट्‌झची पट्टी जोरात धावते पण भिंतीला बिचकते, २.४ची हळू चालते पण भिंतीतून बऱ्यापैकी पार होते. आमच्या चिऱ्याने दोघींचंही कंबरडं मोडलं होतं.

याची खात्री पिंगने झाली. काळी खिडकी (कमांड प्रॉम्प्ट) उघडायची, ‘पिंग’ लिहून पुढे राउटरचा आकडी पत्ता द्यायचा. एक छोटा निरोप जातो आणि उलटा येतो, त्याला लागलेला वेळ समोर दिसतो. माईक मूस या अमेरिकन माणसाने १९८३च्या डिसेंबरात हा लहानसा प्रोग्राम लिहिला आणि पाणबुडीच्या सोनारच्या आवाजावरून त्याला नाव दिलं. हे मी अण्णांना सांगितलं तेव्हा ते खूश झाले, कारण मासेमारीच्या लाँचवरचं फिशफाइंडर त्यांनी पाहिलंय. तेही तेच करतं, खाली आवाज सोडतं आणि प्रतिध्वनीवरून तळ किती खोल आणि मासा कुठे हे दाखवतं. आमचा मासा पडवीत, म्हणजे पंधरा पावलांवर होता. पडवीतून पिंग केलं की उत्तर दोन मिलिसेकंदांत. माजघरातून कधी ५, कधी ९०, कधी ३००, कधी उत्तरच नाही. म्हणजे खोळंबा घरातच होता, निरोप फणसापर्यंत पोचलाही नव्हता.

गुहागरच्या बाजारातून वीस मीटर लॅनची वायर आणली आणि राउटरपासून भिंतीच्या कडेने माजघरातल्या लॅपटॉपपर्यंत नेली. आता खरा खटला सुरू. पुन्हा फसायला नको म्हणून नियम केले. वेळ दुपारी तीनची, कारण तेव्हा लाइन स्थिर. सर्व्हर प्रत्येक वेळी तोच, मुंबईचा. ब्राउझरमध्ये दुसरं काही उघडं नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, आधी सगळे ‘चालू’ आणि मग सगळे ‘बंद’ असं करायचं नाही. चालू, बंद, चालू, बंद, असं आलटून पालटून. मध्ये लाइन घसरली तर दोघांच्याही वाट्याला सारखी घसरते.

बंद करताना पोटात कालवलं, हे कबूल करते. पंधरा मिनिटांपुरतं बंद करायचा पर्याय होता, तोच घेतला. वेळ संपली की ते आपण होऊन जागं होतं, आपण विसरलो तरी. तेवढ्या वेळात दोनच ओळखीची ठिकाणं उघडायची, मेलला हात लावायचा नाही. अण्णा शेजारी घड्याळ धरून बसले होते.

चालू ४५. बंद ४६. चालू ४६. बंद ४४. चालू ४४. बंद ४५.

अण्णांचा चेहरा पडला. एवढ्या दिवसांची म्हण वाया गेली होती.

मीही वही मिटणारच होते. पण वर्तमानपत्राचं पान अजून उशिरा उघडत होतं! वायर लावल्यावर सुधारलं होतं, पण आकडा ४५ आणि पान उघडायला पाणी पिऊन यावं एवढा वेळ, हे जुळेना. मग स्पीड टेस्ट बाजूला ठेवली आणि अण्णांच्या घड्याळावर पानं मोजली. दर वेळी ब्राउझरची साठवण पुसून, तेच पान. चालू असताना १३ सेकंद, १२, १४. बंद असताना ८, ७, ८.

आता कुंपणाच्या तोंडाला हिरवं लागलेलं दिसलं.

स्पीड टेस्टमध्ये ते का दिसलं नाही, यावर मी बराच विचार केला, आणि मला इन्सुलीचा नाका आठवला. गोव्याहून परतताना बांद्याच्या पुढे गाड्या थांबवतात, कुणी बाटल्या आणतंय का बघतात. रस्ता तोच, रुंदी तीच. एखादा भरलेला ट्रक असेल तर तो एकदा थांबतो, एकदा ताडपत्री उचलतात आणि सगळा माल एका दमात पुढे जातो. स्पीड टेस्ट म्हणजे असे चार-पाच ट्रक. वर्तमानपत्राचं पान म्हणजे दीडशे स्कूटर. एक फोटो, एक जाहिरात, एक टंक, जाहिरातीच्या मागे आणखी दोन हेरगिरीचे तुकडे. प्रत्येक स्कूटरची डिकी उघडायची, बघायची, मिटायची. एकीला पाव सेकंदही लागत नाही. पण रांग लागते.

माझ्याकडचा नाका तर दोनदा होता. लॅपटॉपमध्ये कशावर किती ताण आहे ते दाखवणारा टास्क मॅनेजर उघडून बसले, कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबून. पान उघडताना नेटवर्कची रेघ जेमतेम हलत होती आणि डिस्कचा आकडा १०० टक्क्यांवर चिकटला होता. ब्राउझर प्रत्येक तुकडा डिस्कवर लिहून ठेवतो आणि लिहिलेला प्रत्येक तुकडा अँटीव्हायरस पुन्हा तपासतं. माझा लॅपटॉप जुना, आत फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क, मेमरी चार जीबी. त्यात दुपारी बारा वाजता संपूर्ण तपासणी सुरू व्हायची, रोज. हे मीच केव्हातरी ‘होय, होय, पुढे’ करत मान्य केलेलं. म्हणजे लाइन कुणी खात नव्हतं. माझी डिस्क धापा टाकत होती आणि मी समुद्राला बोल लावत होते.

‘बंद’ म्हणजे तरी पूर्ण बंद कुठे असतं? ढाल करडी होते, पण वाटेत बसवलेली गाळणी बहुधा तिथेच राहतात. म्हणून एकदा लॅपटॉप नेटवर्कसह सेफ मोडमध्ये, म्हणजे विंडोज गरजेपुरतंच उघडतं तसा, चालू करून पाहिला. तिथे बाहेरचं अँटीव्हायरस उठतच नाही. पान ७ सेकंदांत. ‘बंद’ असतानाच्या आकड्याशी जवळपास तेच, तेव्हा तो मुद्दा मिटला.

एक मात्र मला सेकंदांपेक्षा जास्त खटकलं. बहुतेक साइटशी आपलं बोलणं हल्ली कुलूपबंद असतं, मधल्या कुणाला वाचता येत नाही. मग अँटीव्हायरस त्यातले विषाणू शोधतं कसं? तर ते लिफाफा फोडतं, वाचतं, दुसऱ्या लिफाफ्यात घालून स्वतःचा शिक्का मारतं आणि ब्राउझरला देतं. ब्राउझर कुरकुरत नाही, कारण तो शिक्का खरा मानावा अशी व्यवस्था बसवतानाच केलेली असते. बघायचं असेल तर पत्त्याच्या पट्टीत डाव्या टोकाला टिचकी मारून प्रमाणपत्र उघडायचं आणि ते कुणी दिलंय ते वाचायचं. माझ्याकडे वर्तमानपत्राच्या प्रमाणपत्रावर अँटीव्हायरस कंपनीचं नाव होतं. मी मुद्रितशोधक, दुसऱ्याचं छापण्याआधी वाचणं हाच माझा धंदा; पण माझं कुणीतरी आधी वाचतंय हे बघून अंगावर काटा आला. अशा मध्यस्थीमुळे कुलूप उलट कच्चं होऊ शकतं, हे संशोधकांनी २०१७मध्ये बऱ्याच अँटीव्हायरसांच्या बाबतीत दाखवलं होतं. ते काम लॅपटॉपमध्येच होतं, कुठे पाठवलं जातंच असं नाही, हे मला कळतं. तरी मी ते कलम बंद केलं. फाइल उघडताना आणि पेन ड्राइव्ह लावताना होणारी तपासणी ठेवली. तो पिवळा फोल्डर मी विसरलेले नाही. रोजची संपूर्ण तपासणी आठवड्यावर आणली आणि रविवारी दुपारी दीडला लावली, जेवण आणि वामकुक्षीच्या वेळेला. पान ९ सेकंदांवर आलं.

मग फेब्रुवारीत चिपळूणला जाऊन हार्ड डिस्क काढून एसएसडी, म्हणजे फिरती तबकडी नसलेली डबी, बसवली, आणि तेच पान, तेच अँटीव्हायरस चालू असताना, ४ सेकंदांत. म्हणजे सगळ्यात मोठा फरक वीस मीटर वायरने आणि त्या चपट्या डबीने पाडला. हे दुरुस्तीवाल्यांना सांगितलं तर ते म्हणाले, मी तेव्हाच म्हटलं होतं. त्यांनी तेव्हा तसं काहीही म्हटलं नव्हतं.

केबलवाला मुलगा मार्चचे पैसे न्यायला आला तेव्हा त्याला वही दाखवली.

“म्हंजे लाइन ओके होती ना?”

“रात्री नऊची सोडून.”

“रात्रीचा काय ताई, सगळ्यांचाच तसा,” तो म्हणाला आणि फणसावरची वायर जरा ताणून बांधून गेला.

माझं मोजणं संपलं, अण्णांचं नाही. रात्री नऊला ते माझ्याकडून मोबाइल मागून घेतात, पडवीत बसून बटण दाबतात, काटा थांबला की आकडा उजव्या पानावर लिहितात. वळवाचे ढग आले की आधी राउटरचा प्लग काढतात आणि त्या दिवसाच्या पुढे ‘गडगडाट’ असं लिहून रकाना मोकळा ठेवतात. मे महिन्यात पाहुण्यांची गर्दी झाली आणि बामणघळीचे फोन सुरू झाले. परवा कुणीतरी साताऱ्याहून विचारत होतं. अण्णांनी चष्मा लावला, वही उघडली.

“उद्या द्वादशी. सकाळी नऊला पूर्ण भरती. साडेआठलाच येऊन बसा, खडकावर पुढे जाऊ नका.”

पलीकडून काहीतरी विचारलं गेलं.

“रात्री? रात्री साडेनऊच्या सुमाराला आहे पुन्हा. पण तेव्हा काळोख असतो, आणि तेव्हा सतरावर आलेलं असतं.”

पलीकडे शांतता.

“सतरा एमबीपीएस,” अण्णा म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.